वहिवाटीची घूंघूं

दर गुरुवारी पाच वाजता फ्राउ आइझेले केकची ताटली घेऊन एक जिना वर चढायच्या, आणि त्याआधीचा अर्धा तास हार्टमुट क्नोडलर आरशासमोर उभा राहून भुवया विंचरायचा. कर खात्यात जन्म घालवून निवृत्त झालेला, लग्नाच्या भानगडीत कधी न पडलेला हा माणूस. डोक्यावरचे केस केव्हाच गेले होते, त्यामुळे विंचरायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

जर्मनीतल्या एसलिंगनच्या त्या जुन्या घरात सगळे एकमेकांना आडनावाआधी हेर किंवा फ्राउ, म्हणजे श्रीयुत किंवा श्रीमती, लावून हाक मारत आणि अहो-जाहो करत. जिना झाडायची पाळी ज्याची असेल त्याच्या दारावर पाटी लटकायची, आणि तिच्याकडे बोट दाखवण्यापलीकडे कुणी कुणाच्या आयुष्यात डोकावत नसे. अरे-तुरेवर यायचं तर त्याला निमित्त लागतं, हातात ग्लास लागतो, आणि बाईमाणसानं आधी सुचवावं लागतं. फ्राउ आइझेले खालच्या मजल्यावर राहायला आल्या तेव्हा हार्टमुटच्या भुवया काळ्या होत्या. आता त्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि तरी दोघं एकमेकांना अहो म्हणत होते.

फ्राउ आइझेले विधवा होत्या आणि चर्चच्या गायकवृंदाला शिकवायच्या. गुरुवारचा शिरस्ता ठरलेला. केक खिडकीजवळच्या मेजावर, दोन ग्लासांत थोडी थोडी लाल ट्रॉलिंगर वाइन. मग हार्टमुट रेकॉर्ड काढणार, ब्रशनं पुसणार, फिरत्या तबकडीवर ठेवून सुई टेकवणार, आणि एक बाजू वाजून संपेपर्यंत दोघं गप्प बसणार. संगीत चालू असताना बोलणं त्या खोलीत पाप होतं. बाजू संपली, सुई उचलली, की स्पीकरमधून घूंघूं ऐकू यायची. भिंतीतल्या विजेची घूंघूं. जाड, गोल, कुठल्याशा लांबच्या मधमाश्यांच्या पोळ्यातून आल्यासारखी, न थांबणारी. यंत्र गरम राहावं म्हणून हार्टमुट ते दुपारचे दोन तास सोडून रात्रंदिवस चालू ठेवायचा, त्यामुळे घूंघूंही रात्रंदिवस असायची.

त्या घूंघूंत दोघं बोलायचे. गायकवृंदातल्या उंच सुराच्या सोप्रानो बायका कशा भांडतात, यंदा आलुबुखार कसे आंबट निघालेत, तळमजल्यावरचे हेर शॉयफेले कचऱ्याच्या डब्यांत वाकून काय बघतात. साडेसहा व्हायचे, सात व्हायचे. फ्राउ आइझेले उठायचं नाव काढत नसत.

हार्टमुटला मात्र त्या घूंघूंची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. त्याला वाटायचं, बाई सभ्य आहेत म्हणून आवाज झाकायला बोलत बसतात. माणसं भलत्याच गोष्टीची लाज बाळगतात, आणि जिची बाळगायला हवी ती मिरवतात. हा भुवया मिरवत होता.

शिवाय त्याच्या मनात एक वाक्य होतं. बरीच वर्षं पाठ करून ठेवलेलं. ‘फ्राउ आइझेले, वसंतात आपण आठवडाभर बोडन तळ्याकाठी जाऊ या का, खोल्या अर्थात दोन.’ दर गुरुवारी ते वाक्य ओठांपर्यंत यायचं, आणि घूंघूं ऐकून मागे फिरायचं. एवढं नाजूक वाक्य असल्या घाणेरड्या आवाजात कसं बोलायचं?

आता, हार्टमुट रेकॉर्डवेड्यांच्या ‘सुई आणि खाच मंडळा’चा सभासद होता. ही मंडळी महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका खाणावळीच्या मागच्या खोलीत जमायची. मंडळाला घटना होती, अध्यक्ष होता, खजिनदार होता, आणि खजिनदार आजारी पडला तर म्हणून उपखजिनदारही होता. सभासदांनी एकमेकांना अरे-तुरे करावं असा रीतसर ठराव झालेला होता, म्हणून ते करत. अध्यक्ष गेर्नोट फिस्टरर हा निवृत्त दंतवैद्य. दातातली कीड आणि रेकॉर्डमागची घूंघूं या दोन्हींचा तो सारखाच वैरी.

हा गेर्नोट एकदा रेकॉर्ड उसनी न्यायला हार्टमुटकडे आला आणि उंबऱ्यातच थबकला.

“अरे, हा आवाज कसला?”

“विजेचा,” हार्टमुट खाली बघत म्हणाला.

“किती दिवस आहे?”

“दिवस नाही रे, वर्षं.”

गेर्नोटनं डोक्याला हात लावला. “आणि तू मंडळात आमच्याबरोबर बसून बटाट्याची कोशिंबीर खातोस! कधी बोलला नाहीस!”

मग तो मेजाखाली शिरला आणि तिथूनच प्रवचन देऊ लागला. सुईतून निघणारा आवाज इतका बारीक असतो की तो आधी एका छोट्या यंत्रात नेऊन मोठा करावा लागतो. त्या यंत्रापर्यंतची हातभर केबल, तिथेच सगळा घोटाळा. “तुझी ही साधी केबल. आवाज मधल्या तारेनं जातो आणि बाहेरच्या जाळीतून परततो. त्या जाळीला भिंतीतली वीज चिकटते आणि फुकट्या पाहुण्यासारखी आत येते. बॅलन्स्ड केबलमध्ये दोन तारा असतात, एकीत आवाज सुलटा, एकीत उलटा. जाळी निराळी, ती फक्त राखणीला. बाहेरून त्रास झालाच तर दोन्ही तारांना सारखाच होतो. पलीकडचं यंत्र एकीतून दुसरी वजा करतं. आवाज राहतो, त्रास जातो. कळलं?”

“त्रास जातो कुठे?”

“जातो कुठे म्हणजे? दोघांना सारखाच झाला की तो उरतच नाही! साधं गणित आहे.” गेर्नोटचा तीनदा घटस्फोट झाला होता, तरी हे वाक्य तो फार विश्वासानं बोलला.

हार्टमुटनं ठरवलं. बॅलन्स्ड केबल आली, तिला जुळणारं यंत्र गेर्नोटनं स्वतः बनवून दिलं, सुईच्या दांडीखालच्या तारा नव्यानं जोडल्या. जुनी केबल हार्टमुट भंगाराच्या आवारात घेऊन गेला. तिथे प्लग प्लगांच्या पिंपात, रबर रबराच्या पिंपात आणि तांबं तांब्याच्या पिंपात टाकून, हात झटकून घरी आला. यंत्र चालू केलं. काही नाही. स्पीकरला कान लावला. तरी काही नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरुवारी फ्राउ आइझेले आल्या. आलुबुखाराचा केक होता. रेकॉर्ड वाजली, आणि खोटं कशाला बोला, अशी कधीच वाजली नव्हती. व्हायोलिनवाल्याचा श्वास ऐकू येत होता. बाजू संपली, सुई उठली.

आणि खोलीत शांतता झाली.

साधीसुधी नव्हे. हार्टमुटला घड्याळ ऐकू आलं, मग शेजारच्या खोलीतलं घड्याळ ऐकू आलं. फ्राउ आइझेलेंनी केकचा घास गिळला तो ऐकू आला. त्यांनाही तो ऐकू आला असावा, कारण त्यांनी काटा खाली ठेवला, आणि तो ठेवल्याचा आवाज एखादं कपाट पडावं तसा झाला. हार्टमुटनं वाक्य ओठांवर आणलं. तेवढ्यात त्याचं पोट बोललं. लांबलचक बोललं, शेवटी प्रश्न विचारल्यासारखं.

“बरं तर,” फ्राउ आइझेले उठत म्हणाल्या, “निघते मी.”

“कशी वाटली?”

“काय?”

“शांतता.”

“फार स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या, आणि सहाही वाजले नसताना खाली गेल्या.

पुढच्या गुरुवारी त्या रेकॉर्ड संपण्याआधीच शाल गुंडाळून बसल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी आल्याच नाहीत. दाराबाहेर पायपुसण्यावर रुमालानं झाकलेली ताटली होती. हार्टमुटनं विंचरलेल्या भुवयांनिशी ती उचलून आत आणली आणि एकट्यानं केक खाल्ला. चावण्याचा आवाज त्याला सगळ्या खोल्यांमधून ऐकू आला.

वर आणखी तळमजल्यावरचे हेर शॉयफेले येऊन दारात उभे राहिले. या माणसानं निवृत्तीनंतर सगळं घर नोकरीसारखं अंगावर घेतलं होतं.

“हेर क्नोडलर, तुमच्याकडून शांतता येते.”

“काय येते?”

“शांतता. भिंतींतून. आम्ही आजवर काही बोललो नाही, पण आता अति झालं.”

“अहो, पण घूंघूंबद्दल तक्रार तुम्हीच केली होती ना!”

“केली होती. दुपारी एक ते तीन बंद ठेवा, लोक झोपतात, म्हणून. तुम्ही ठेवलीत, त्याबद्दल आभार. पण म्हणजे बाकीच्या वेळी ती राहील असं आपलं ठरलं. जिच्या सुट्टीच्या वेळा ठरलेल्या आहेत ती नोकरीत असते, हेर क्नोडलर. तिला असं परस्पर काढता येत नाही.”

घराची सभा भरली. तळघरात, कपडे वाळवायच्या खोलीत. सभ्यता म्हणून दोरीवर फक्त चादरी ठेवल्या होत्या. पहिल्या मजल्यावरचं क्लाइनक्नेख्ट जोडपं आलं. दोघंही शिक्षक. पूर्वी हातात हात घालून जिना उतरायचे, आता मध्ये दोन पायऱ्या ठेवून उतरले.

“हा पाव खाताना नाकातून आवाज काढतो,” बाई म्हणाल्या. “लग्नाला इतकी वर्षं झाली, मला पत्ता नव्हता.”

“आणि हिचा गुडघा वाजतो,” नवरा म्हणाला. “मी बिछान्यात वाट बघत पडतो, आता वाजेल, आता वाजेल.”

हेर शॉयफेले घसा खाकरून म्हणाले, “माझ्या पत्नीच्या देखत सांगतो. गेल्या रविवारी मला कळलं की ती दिवसभर माझ्याशी बोलत असते.”

“आणि मला कळलं की ह्यांना ऐकू येतं,” त्यांची पत्नी फणकारली.

हेर शॉयफेलेंनी मग मुद्दा मांडला. एखाद्या शेतातून लोक वर्षानुवर्षं जात असले, की मालकाला ती वाट बंद करता येत नाही. वहिवाट होते. या घूंघूंतून आख्खं घर वर्षानुवर्षं झोपेत गेलं आहे. तेव्हा ही वहिवाट आहे, आणि हेर क्नोडलर यांनी ती मोकळी करून द्यावी. दुपारची विश्रांती आणि रविवार सोडून.

हात वर झाले. सगळ्यांचे. ठराव म्हटलं की हात वर करायची खोड असल्यामुळे हार्टमुटचाही झाला. फक्त फ्राउ आइझेलेंचा हात मांडीवर होता. त्या दोरीवरच्या चिमट्यांकडे बघत होत्या.

हार्टमुटनं मनाशी हिशेब मांडला. लोकांना घूंघूं हवी होती, बाईंना घूंघूंही नको होती. म्हणजे त्यांना वरच्या मजल्यावरचं काहीच नको होतं. तरीही, बुडत्याला काहीतरी धरायला लागतंच. त्याला वाटलं, घूंघूं परत आणू, गुरुवारही कदाचित तिच्यामागून येईल.

केबल तर भंगारात गेली होती. त्यानं मंडळाला हाक दिली, आणि शनिवारी दुपारी सगळं ‘सुई आणि खाच मंडळ’ पिशव्या भरभरून साध्या केबली घेऊन त्याच्या बैठकीत उतरलं. सगळ्यांचे चेहरे पडलेले होते. घूंघूं आणायची! त्यांच्या घटनेत हे कुठेच बसत नव्हतं.

पहिली केबल जोडली. शांत. दुसरी जोडली. शांत. एकेकानं आपापली केबल आणली होती आणि प्रत्येकानं ती आधीच घरी इतकी निगुतीनं दुरुस्त केलेली होती, की त्यातली एकही घूंघूं करायला तयार होईना. मग गेर्नोटनं काळजावर दगड ठेवून जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, तार सोडली. असा आवाज झाला की खिडकीतल्या काचा थरथरल्या.

“ही घूंघूं नाही, हा ट्रॅक्टर आहे!” हेर शॉयफेले ओरडले. ठरावाच्या वतीनं ते देखरेखीला खुर्ची टाकून बसले होते. “आमची गोल होती. पोटाला बरी वाटणारी.”

तार अर्धवट लावली. आवाज खाली आला. वीज देणारा डबा जरा जवळ सरकवला. आणखी गोल झाला. हेर शॉयफेलेंनी डोळे मिटले. “आली,” ते म्हणाले. “आली, आली, अशीच...” हार्टमुट श्वास रोखून उभा होता. खरंच तीच होती.

आणि बंद झाली.

सगळ्यांनी गेर्नोटकडे बघितलं. तो मेजाखाली होता. त्याच्या हातात स्क्रू होता. जमिनीच्या तारेचा, घट्ट आवळलेला.

“अरे, हे काय केलंस?”

“मी नाही केलं,” गेर्नोट म्हणाला. “हातानं केलं.”

पुन्हा सैल केलं. या खेपेला खजिनदारानं जाता जाता डबा लांब सरकवला. त्याला विचारलं तर म्हणे, “वाटेत होता.” त्याला दम भरेपर्यंत उपखजिनदारानं दोन केबली एकमेकींना काटकोनात करून ठेवल्या. घूंघूं जरा बाळसं धरते न धरते तोच कुणाचा ना कुणाचा हात जायचा आणि तिचा गळा घोटायचा. सगळ्यांचा जन्म तेच करण्यात गेलेला. शेवटी सगळ्यांनी हात मागे बांधून उभं राहायचं ठरवलं, तर गेर्नोटनं पायानं तार सारली.

तो मेजाखालीच बसून रडू लागला. “मला जमत नाही रे, हार्टमुट. कीड लागू द्यायला मला शिकवलंच नाही.”

मंडळी पिशव्या उचलून गेली. हेर शॉयफेले आपली खुर्ची घेऊन गेले. बॅलन्स्ड केबल पुन्हा आपल्या जागी बसली, आणि खोलीत ती स्वच्छ शांतता होती. हार्टमुटनं हात टेकले.

गुरुवार आला. पाच वाजून गेले. पायपुसण्यावर ताटलीसुद्धा नव्हती. तेव्हा हार्टमुटनं मागच्या वेळची ताटली धुतली, पुसली, पुन्हा धुतली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक जिना खाली उतरून फ्राउ आइझेलेंची बेल वाजवली.

“फ्राउ आइझेले, ती काही परत येत नाही,” तो ताटली पुढे करून म्हणाला. “आम्ही सगळं करून बघितलं. मला वाटलं, तुम्हाला सांगावं. तशी तुम्हाला नकोच होती म्हणा. तुम्ही हात वर केला नाहीत.”

त्यांनी ताटली घेतली.

“हात वर केला असता तर सगळ्या घराला कळलं असतं,” त्या म्हणाल्या.

“काय कळलं असतं?”

“हेर क्नोडलर, आमच्या आईनं आम्हाला शिकवलंय, संगीत संपलं की पाहुण्यानं उठावं. उगाच बसून राहू नये, हपापल्यासारखं दिसतं. पण तुमच्याकडे ते संपायचंच नाही. यंत्र आपलं घूंघूं करत असायचं. मी मनाशी म्हणायची, अजून काहीतरी चालू आहे, चालू असताना उठणं बरं दिसत नाही.” त्यांचे कान लाल झाले होते. “आणि तुम्ही ते दुरुस्त केलंत. मला वाटलं, मी उठावं म्हणून केलंत.”

इतकी वर्षं हार्टमुट ज्याची लाज बाळगत होता त्याच्याच आडोशाला बाई बसत होत्या. त्यालाही लाज वाटत होती आणि बाईंनाही, अगदी सारखीच. गेर्नोटच्या गणितानं ती आता उरायला नको होती. पण जिन्यात ती चांगलीच उरलेली दिसत होती.

“वर चला,” तो म्हणाला. “एकच बाजू.”

त्या आल्या. शाल काढली नाही. केक नव्हता, म्हणून त्यानं खारी प्रेत्झल बिस्किटं काढली, वाइन ओतली, सुई टेकवली. रेकॉर्ड अप्रतिम वाजली. दोघांपैकी एकानंही ती ऐकली नाही. दोघंही फक्त सुईचं उरलेलं अंतर बघत होते. सुई आत आत सरकत लेबलाजवळ गेली आणि उठली.

शांतता झाली. घड्याळ. दुसरं घड्याळ. फ्राउ आइझेलेंनी ग्लास खाली ठेवला, शाल सावरली, खुर्चीच्या हातांवर हात टेकले.

हार्टमुटला बोडन तळ्याचं वाक्य आठवलं. ते फार लांब होतं. बाई उठण्याआधी दोन खोल्यांपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. त्यानं तोंड मिटलं, आणि मिटल्या तोंडानं, अगदी छातीच्या तळातून, सुरू केलं.

“ऊंऽऽऽऽ...”

शाळेत त्याला गाण्याच्या वर्गातून बाहेर बसवायचे. आवाज लटपटत होता, भुवया थरथरत होत्या, चेहरा लाल होत चालला होता. पण तो थांबला नाही.

फ्राउ आइझेले अर्धवट उठलेल्या होत्या, तशाच राहिल्या. त्यांनी मान तिरकी केली. गायकवृंदात खालच्या सुराचे पुरुष घसरले की त्या अशी मान करायच्या.

“खाली गेलात,” त्या म्हणाल्या. “ती जरा वर असायची.”

हार्टमुट जरा वर गेला. खालून कुठलंसं दार धाडकन उघडल्याचं ऐकू आलं, आणि जिन्यातून हेर शॉयफेले ओरडले, “आली! हेर क्नोडलर, हीच! फक्त थोडी गोल करा!”

हार्टमुटनं ती गोल केली. पहिल्या मजल्यावर कुणीतरी हुश्श केलं.

फ्राउ आइझेलेंनी शाल काढली. घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकली, आणि त्या पुन्हा नीट, पाठ टेकून बसल्या. ग्लास उचलला. हार्टमुट त्यांच्याकडे बघत घूंघूं करत होता. आता त्याचा चेहरा लालचा जांभळा झाला होता, कानशिलं उडत होती, डोळ्यांसमोर काजवे चमकत होते, पण थांबायची त्याची हिंमत नव्हती. थांबलं की त्या उठणार.

त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी आपला ग्लास हलकेच त्याच्या ग्लासावर टेकवला.

“श्वास घे, हार्टमुट,” वाल्ट्राउट आइझेले म्हणाल्या. “मी कुठे चालले आहे?”